काँक्रीटला आवळून धरणारा अभियंता : यूजीन फ्रेसिने (१८७९–१९६२)



आजचा पाठ एका चुकीच्या उत्तरापासून सुरू करते. उत्तर माझंच होतं.

मागच्या पावसाळ्यात आमच्या शाळेतल्या एका जुन्या खोलीच्या स्लॅबचे पोपडे पडले. रविवार होता, त्यामुळे कुणाला लागलं नाही. सोमवारी आम्ही खोलीला कुलूप लावलं आणि पाचवीचा वर्ग व्हरांड्यात बसवला. खिडकीतून आत डोकावलं की छताच्या तांबड्या, गंजलेल्या सळया दिसायच्या. तेव्हा एका मुलाने विचारलं की बाई, सिमेंटपण म्हातारं होतं का? मी लगेच सांगून टाकलं की नाही रे, सळई गंजते म्हणून पोपडा सुटतो. काँक्रीट एकदा घट्ट झालं की दगडच, ते बदलत नाही.

गंजाचं खरं होतं, पण पुढचं वाक्य साफ चुकीचं. घट्ट झालेलं काँक्रीटसुद्धा वर्षानुवर्षं हळूहळू बदलत असतं. हे मला नंतर वाचताना कळलं, आणि वाचता वाचता एका माणसाची ओळख झाली. शंभर वर्षांपूर्वी भले भले अभियंतेही माझ्यासारखंच उत्तर देत होते. या माणसाच्या स्वतःच्या पुलाने ते उत्तर खोटं ठरवलं. आज त्यांचीच गोष्ट.

बालपण आणि शिक्षण

यूजीन फ्रेसिने यांचा जन्म १३ जुलै १८७९ रोजी फ्रान्समधील कोरेझ भागातल्या ओबजा या लहानशा गावी झाला. हा भाग डोंगराळ आणि शेतकऱ्यांचा. इथली माणसं शेतीही करत आणि हातचं कसबही जाणत. लागेल ती वस्तू शक्यतो स्वतः बनवायची, कमीत कमी सामानात बनवायची आणि ती टिकली पाहिजे, अशी तिथली रीत. यूजीन लहान असतानाच कुटुंब पॅरिसला राहायला गेलं. पण शहरात त्याचा जीव रमेना. सुट्टीत गावी गेला की तो कारागिरांच्या मागे मागे असायचा. आपण अभियंता झालो तरी मुळात गावचे कारागीरच आहोत, असं ते मोठेपणीही मानत.

पॅरिसच्या एकोल पॉलितेक्निक या नामांकित संस्थेत त्याला पहिल्या प्रयत्नात प्रवेश मिळाला नाही. दुसऱ्या वर्षी मिळाला. (निकालाच्या दिवसांत घरोघरी सांगावी अशी गोष्ट आहे ही!) पुढे पूल आणि रस्त्यांचं शिक्षण देणाऱ्या सरकारी संस्थेत त्याला चार्ल्स राब्यु हे शिक्षक लाभले. लोखंडी सळया घातलेलं काँक्रीट, म्हणजे आपण ज्याला आरसीसी म्हणतो ते, तेव्हा नवीन होतं आणि राब्यु ते शिकवत. विद्यार्थ्याला गोडी लागली ती इथे.

एका पुलाच्या पैशांत तीन पूल

१९०५ मध्ये फ्रेसिने यांची सरकारी अभियंता म्हणून मध्य फ्रान्समधल्या मूलँ शहरी नेमणूक झाली. आलिए नदी याच भागातून वाहते. सुरुवातीला त्यांनी खेड्यापाड्यांसाठी छोटे, स्वस्त पूल बांधले. मग मोठी संधी आली. नदीवरचे तीन जुने पूल बदलायचे होते आणि दगडी बांधकामाचा खर्च फार होता. मर्सिए नावाच्या ठेकेदाराने तरुण फ्रेसिने यांचं काम पाहिलेलं होतं. एका दगडी पुलाचा जो अंदाजित खर्च होता, तेवढ्यात तिन्ही पूल काँक्रीटमध्ये बांधून देतो, अशी तयारी त्याने दाखवली. अट एकच, आराखडा फ्रेसिने यांचा हवा.

या तीन पुलांतला ल व्हेर्द्रचा पूल आपल्या गोष्टीत महत्त्वाचा. तीन पसरट कमानी, आणि मधल्या कमानीचा गाळा सुमारे ७२ मीटर. कमान जितकी पसरट, तितकं ते काम नाजूक. कारण कमान थोडीशी जरी आखूड झाली तरी तिचा माथा बराच खाली येतो.

कमान बांधताना खाली लाकडी आधार असतो. सर्वसाधारण पद्धत अशी की काँक्रीट घट्ट झालं की तो आधार खालून उतरवायचा. फ्रेसिने यांनी वेगळी युक्ती काढली. कमानीच्या माथ्याशी फट ठेवायची, तिथे जॅक बसवायचे आणि दोन्ही अर्ध्या भागांना एकमेकांपासून ढकलायचं. असं केलं की कमान स्वतःच आधारावरून थोडी वर उचलली जाते. गाडीचं चाक बदलताना लावतो तसाच जॅक, फक्त पुष्कळ ताकदीचा. ही युक्ती लक्षात ठेवा, पुढे तीच कामाला आली.

पूल खाली बसू लागला

१९११ च्या सुमारास पूल वाहतुकीला खुला झाला. चाचण्या उत्तम झाल्या होत्या. पण काही महिन्यांनी फ्रेसिने यांच्या लक्षात आलं की कठड्याची सरळ रेष वाकडी दिसतेय. मोजमाप केलं तर कमानींचे माथे खाली येत होते. पुन्हा मोजलं, तर आणखी खाली! आणि वेगही वाढत चाललेला. असंच चालू राहिलं असतं तर पूल नदीत गेला असता.

तेव्हाच्या सरकारी नियमांत, पुस्तकांत हेच लिहिलेलं होतं की घट्ट झालेल्या काँक्रीटवर भार आला की ते ठरावीक तेवढंच दबतं, आणि तेवढ्यावर थांबतं. म्हणजे मी पाचवीला दिलेलं उत्तर. पूल मात्र काही वेगळंच सांगत होता.

आता इथे जरा थांबून विचार करा. फ्रेसिने यांचं वय तेव्हा तिशीच्या आसपास, म्हणजे साधारण आपल्यापैकी अनेकांचं आहे तेवढंच. नोकरी, नाव, सगळं पणाला लागलेलं. मोजमाप चुकलं असेल असं म्हणता आलं असतं. ठेकेदाराने माल हलका वापरला म्हणता आलं असतं. वरिष्ठांना पत्र लिहून उत्तराची वाट बघत बसताही आलं असतं.

त्यांनी यातलं काही केलं नाही. रात्रीच सायकलवर टांग मारून ते मूलँहून ल व्हेर्द्रला गेले. बिगे नावाचा त्यांचा विश्वासू सहकारी आणि आणखी तीन भरवशाची माणसं यांना झोपेतून उठवलं. पाच जणांनी मिळून कमानींच्या माथ्याशी पुन्हा जॅक बसवले. तशी जागा फ्रेसिने यांनी राखून ठेवली होती. उजेड पडला, पातळी मोजण्याइतकं दिसू लागलं, तसं त्यांनी तिन्ही कमानी एकाच वेळी हळूहळू वर उचलायला सुरुवात केली. नेमका तो बाजाराचा दिवस! थोड्या थोड्या वेळाने काम थांबवून गाड्यांना वाट द्यावी लागत होती. बाजारकरूंना पत्तासुद्धा नव्हता की आपल्या पायाखाली काय चाललंय. शेवटी पूल पुन्हा सरळ रेषेत आला आणि माथ्याशी काँक्रीट भरून कमानी पक्क्या केल्या. त्यानंतर तो पूल १९४० मध्ये युद्धात नष्ट होईपर्यंत नीट उभा राहिला. त्याचा भाऊ शोभेल असा बुतिरोंचा पूल आजही वापरात आहे.

पूल वाचला, पण त्यांच्या डोक्यातला प्रश्न काही सुटला नाही. काँक्रीट दाबाखाली हळूहळू दबतच जातं हे त्यांना पटलं. अभियंते याला क्रीप म्हणतात. पुढची कित्येक वर्षं ते प्रत्येक बांधकामावर हे दबणं मोजत राहिले.

मेथीची जुडी आणि फ्रेसिने यांचा शोध

मधल्या काळात त्यांनी मोठमोठी कामं केली. पॅरिसजवळ ओर्ली इथे हवाई जहाजांसाठी घडीच्या कागदासारख्या पातळ काँक्रीटचे दोन अवाढव्य हँगर बांधले. ब्रिटनी प्रांतात प्लुगास्तेलचा तीन कमानींचा पूल उभारला. त्याची प्रत्येक कमान सुमारे १८० मीटरची, आणि १९३० मध्ये तो खुला झाला. पण मनातला विषय दुसराच होता.

विषय असा. काँक्रीटवर पुष्कळ दाब दिला तरी ते सोसतं. पण ताणलं की तडकतं. तुळईवर वजन आलं की तिची वरची बाजू दबते आणि खालची ताणली जाते, म्हणून तडे खालून जातात. मग काँक्रीटला आधीच दोन्ही टोकांकडून आवळून ठेवलं तर? भार आल्यावर ते आवळणं थोडं कमी होईल, पण ताण येणार नाही आणि तडाही जाणार नाही.

आपल्याकडे ही कल्पना जुनीच आहे बरं का. बैलगाडीच्या चाकावर लोहार लोखंडी धाव कशी चढवतो? धाव तापवून लाल करतो, म्हणजे ती थोडी मोठी होते. मग चाकावर बसवून वर पाणी ओततो. धाव थंड होऊन आकसते आणि लाकडी तुकड्यांना असं काही आवळते की चाक वर्षानुवर्षं खिळखिळं होत नाही.

काँक्रीट आवळण्याचे प्रयत्न अमेरिका आणि जर्मनीत आधी झाले होते. सळया ताणून काँक्रीटमध्ये घातल्या, काही काळ बरं चाललं आणि मग आवळणं नाहीसंच झालं. का, ते कुणाला नीट समजेना. ते कोडं फ्रेसिने यांना सुटलं, कारण ल व्हेर्द्रचा पूल त्यांनी खाली बसताना पाहिला होता.

त्यांचं उत्तर मी मेथीच्या जुडीने सांगते. बाजारातून दोन जुड्या आणा. एक सुतळीने बांधलेली, दुसरी रबर लावलेली. संध्याकाळपर्यंत भाजी सुकते, जुडी बारीक होते. सुतळी सैल पडते, पण रबर अजून घट्टच असतं. सुतळी जेमतेम ताणलेली होती आणि रबर भरपूर ताणलेलं होतं, म्हणून.

काँक्रीटही असंच सुकून आकसतं आणि दाबाखाली दबत जातं. १० मीटर लांबीत हे आखूड होणं काही मिलिमीटर असतं. साधी सळई त्या काळच्या नियमांनुसार ताणली तर १० मीटरला साधारण ७ मिलिमीटर लांबते. काँक्रीट तेवढं आखूड झालं की संपलं, सळई सुतळीसारखी सैल! पण अतिशय मजबूत पोलादाची तार घेतली आणि खूप जोराने ताणली, तर ती १० मीटरला ५० मिलिमीटरसुद्धा लांबते. त्यातले ७–८ मिलिमीटर गेले तरी ४० पेक्षा जास्त उरतात. म्हणजे आवळणं कायम राहतं.

२ ऑक्टोबर १९२८ रोजी फ्रेसिने यांनी ज्याँ सेआय यांच्यासोबत याचं पेटंट घेतलं. याच पद्धतीला आपण प्रीस्ट्रेस्ड काँक्रीट किंवा पूर्वप्रतिबलित काँक्रीट म्हणतो.

पन्नाशीत पुन्हा शून्यापासून

शोध लागला म्हणजे जग लगेच टाळ्या वाजवतं असं नाही. ज्या कंपनीत फ्रेसिने मोठ्या पदावर होते, तिला या कल्पनेत रस नव्हता. पन्नाशीच्या उंबरठ्यावर त्यांनी ती जागा सोडली आणि स्वतःचे पैसे घालून मोंतार्जी इथे कारखाना काढला. तिथे ते या नव्या काँक्रीटचे विजेचे खांब बनवत. खांब पातळ, हलके आणि मजबूत झाले. पण तेवढ्यात जगभर मंदी आली आणि खांब घ्यायला गिऱ्हाईकच राहिलं नाही. घातलेली सगळी पुंजी बुडाली.

त्यांना हात दिला तो एका खचणाऱ्या इमारतीने. ल हाव्र बंदरात मोठ्या जहाजांच्या प्रवाशांसाठी नवी इमारत उभी राहत होती. तिच्याखाली मऊ गाळ होता आणि इमारत महिन्यागणिक खाली बसत चालली होती. कुणाकडेच खात्रीचा उपाय नव्हता. फ्रेसिने यांनी उपाय सुचवला. जुन्या पायांच्या मधे नवं काँक्रीट घालून, ताणलेल्या तारांनी सगळं एकत्र आवळायचं. मग इमारतीच्याच वजनाचा आधार घेऊन जॅकने काँक्रीटचे खांब तुकड्यातुकड्याने गाळात खोल दाबायचे, थेट घट्ट थर लागेपर्यंत. उपाय लागू पडला आणि इमारत खचायची थांबली. कांपेनों नावाच्या मोठ्या बांधकाम व्यावसायिकाने हे पाहिलं आणि तो कायमचा त्यांच्या पाठीशी उभा राहिला.

गंमत बघा, फ्रेसिने यांना शोधाकडे नेलं ते खाली बसणाऱ्या पुलाने, आणि त्या शोधाला मान मिळवून दिला तो खचणाऱ्या इमारतीने.

पुढे १९३८–३९ च्या सुमारास त्यांनी दोन साधनं तयार केली. एक म्हणजे पोलादी पत्र्याचा चपटा जॅक. तो अरुंद फटीत बसवून आत द्रव भरला की फुगतो आणि प्रचंड वजन उचलतो. दुसरं म्हणजे ताणलेल्या तारा टोकाला पक्क्या धरणारी शंकूच्या आकाराची पाचर. दुसऱ्या महायुद्धानंतर मार्न नदीवरील ल्युझांसीचा ५५ मीटरचा पूल १९४६ मध्ये पूर्ण झाला. तो कारखान्यात तयार केलेले भाग जोडून बांधला होता. त्यानंतर त्याच नदीवर ७४ मीटरचे आणखी पाच पूल झाले. ८ जून १९६२ रोजी, वयाच्या ८२ व्या वर्षी फ्रेसिने यांचं निधन झालं.

आपल्या अवतीभवती

मुंबई, पुणे किंवा नागपूरला मेट्रोचं काम चालू असताना तुम्ही पाहिलं असेल. काँक्रीटचे तयार भाग क्रेनने वर उचलतात, एकापुढे एक लावतात आणि त्यांच्यातून पोलादी दोर ओवून ताणतात. वांद्रे–वरळी सागरी सेतूतही असे तयार भाग जोडले आहेत. ही सगळी फ्रेसिने यांची लेकरं म्हणायची.

पण दुसरी बाजूही मुलांना सांगायला हवी. पणजीचा मांडवी नदीवरचा नेहरू पूल जुलै १९८६ मध्ये कोसळला. आतल्या ताणलेल्या तारांना लागलेला गंज हे त्याचं मुख्य कारण मानलं गेलं. सगळी मदार आवळणाऱ्या तारेवर असेल, तर तिची निगा राखावीच लागते. मग जुन्या पुलाचं आवळणं कमी झालं तर ते परत देता येईल का? तारा ओवायला आत जागा नसते, जॅक लावायला टोकं मोकळी नसतात.

इथे एक नवा धातू मदतीला येतोय. आकार लक्षात ठेवणारा मिश्रधातू, म्हणजे शेप मेमरी अलॉय. निकेल आणि टायटॅनियमचा निटिनॉल हा त्यातला प्रसिद्ध, पण तो बांधकामासाठी फार महाग. म्हणून लोखंड, मँगनीज आणि सिलिकॉन यांचा स्वस्त प्रकार तयार झाला. स्वित्झर्लंडच्या एम्पा या संशोधन संस्थेने त्यावर बरंच काम केलं आहे.

पद्धत अशी. या धातूची सळई कारखान्यात आधीच ताणून लांब केलेली असते. जुन्या काँक्रीटमध्ये खाच पाडून ती बसवतात आणि मसाल्याने पक्की करतात. मग विजेने सुमारे १६० अंश सेल्सिअसपर्यंत तापवतात. तापली की सळईला आपली मूळची, आखूड लांबी आठवते आणि ती आकसू बघते. पण काँक्रीट तिला धरून असतं, म्हणून ती काँक्रीटलाच आवळते. थंड झाल्यावरही पकड राहते. जॅक नको, तारा ओवायला नळ्या नकोत. धाव थंड झाल्यावर आकसते आणि ही सळई तापवल्यावर, एवढाच फरक. स्वित्झर्लंडमध्ये काही जुन्या बांधकामांना असा आधार दिलाही आहे. धातू अजून महाग असल्याने वापर मर्यादित आहे.

वर्गात करून पाहा

१. सारख्या आकाराच्या सात-आठ वह्या उभ्या ओळीत धरा आणि दोन्ही तळव्यांनी दाबून उचला. वर डस्टर ठेवा. आता दाब हळूहळू कमी करा. आधी काय घडतं ते मुलांनी सांगावं.

२. मेथीच्या किंवा कोथिंबिरीच्या दोन जुड्या, एक सुतळीची आणि एक रबराची, सकाळी टेबलावर ठेवा. शाळा सुटताना मुलांनी बोट घालून पाहावं.

३. गावात बैलगाडीचं जुनं चाक असेल तर दाखवा. आजोबांकडून धाव चढवण्याची माहिती लिहून आणायला सांगा.

४. चर्चेसाठी प्रश्न : आपलं उत्तर चुकलंय हे फ्रेसिने यांना कशामुळे कळलं? त्यांनी ते लपवलं असतं तर काय झालं असतं?

हे वाचून झाल्यावर मी पाचवीच्या वर्गात गेले आणि मुलांना सांगितलं की त्या दिवशी मी चुकीचं बोलले होते. काँक्रीट खरंच म्हातारं होतं. प्रश्न विचारणारा मुलगा आधी लाजला, मग त्याने लगेच विचारलं की मग आपली खोली बरी होईल का. आमच्या खोलीला असल्या महागड्या सळईची गरज नाही. सैल झालेलं काँक्रीट काढून, सळया साफ करून नीट दुरुस्ती झाली तरी पुष्कळ. तसा अर्ज आम्ही केला आहे. पालकहो, तुमच्याही मुलांच्या शाळेत एकदा मान वर करून छताकडे नक्की बघा, आणि तडा किंवा गंजाचा डाग दिसला तर मुख्याध्यापकांना लेखी कळवा.

उपक्रम करून पाहिलात तर तुमच्या मुलांची उत्तरं जरूर सांगा.